निरोगी पोट

सर्जनला सगळ्यात सोपा रोगी तो, ज्याचं दुखतंय. ॲपेंडिक्स सुजलेला माणूस वाद घालत नाही. दुखण्यानंच त्याची समजूत घातलेली असते, आपण फक्त सही घ्यायची. अवघड असतं ते ज्याला काहीही होत नाहीये अशा माणसाला समोर बसवून सांगणं, की बाबा रे, तुझं पोट उघडायला हवं. माझ्या सगळ्या नोकरीत ही पाळी फार थोड्या वेळा आली. त्यातली एक मी आजवर कुठं लिहिली नव्हती. आता वनितानंच परवानगी दिली. म्हणाली, "लिहा मॅडम, फक्त नावं बदला." म्हणून वनिता हे तिचं खरं नाव नाही.

माझे आजोबा वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीत जबलपूरला आले आणि इथलेच झाले. आमची मराठी उंबऱ्याच्या आत, बाहेर पाऊल टाकलं की हिंदी. शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात मी सर्जन म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. सुरुवातीला मी राउंडला गेले की रोगी माझ्याकडून सगळं तपासून घ्यायचे, औषधं समजून घ्यायचे आणि मग अदबीनं विचारायचे, "सिस्टर, डॉक्टर साहब कब आएंगे?" सराफ्यातल्या एका सोनारकाकांच्या पित्ताशयातले खडे मी काढले, तर त्यांनी ते कापसाच्या डबीत मागून घेतले, डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "मॅडम, पॉलिश तो बढ़िया आई है." अशा माणसांमुळे दिवस बरे जायचे.

प्रकाश मेश्राम माझ्याकडे आला तेव्हा तिशी नुकती ओलांडलेली होती. फॅक्टरीत फिटर. शौचावाटे रक्त पडत होतं आणि मूळव्याध समजून वर्षभर तो कुठलं कुठलं चूर्ण घेत होता. मी दुर्बीण घालून पाहिलं. मोठ्या आतड्याचं अस्तर गुळगुळीत, ओलसर गुलाबी असतं. प्रकाशच्या आतड्यात जिथवर दिसत होतं तिथवर साबुदाणा पसरावा तसे दाणेच दाणे होते. त्यांना आम्ही पॉलिप म्हणतो. एखाद-दुसरा पॉलिप कुणालाही होतो, तो काढून टाकता येतो. पण शेकड्यांनी पॉलिप असतात तेव्हा तो रक्तातून आलेला आजार असतो. दाणे तरुणपणीच उगवतात, वर्षानुवर्षं गप्प बसतात आणि मग त्यातला कुठला तरी एक बिघडतो. आज ना उद्या बिघडतोच. प्रकाशचा बिघडला होता.

मी त्याला विचारलं, घरात आणखी कुणाला? तो म्हणाला, वडील ऐन तिशीत पोटाच्या गाठीनं गेले, आत्याही तशीच गेली. आई म्हणते, कोणाची तरी नजर आहे.

त्याचं पोट उघडलं तेव्हा रोग यकृतापर्यंत पोचलेला होता. गाठीमुळे आतडं बंद पडू नये एवढी सोय करून मी टाके घातले. काही महिन्यांत तो गेला. जाण्याच्या थोडं आधी मी त्याला सांगितलं होतं, की आई-बापांपैकी एकाला हा आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो यायची शक्यता निम्मी असते. तुझ्या बहिणीला बघायला हवं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तिले माझ्या नावानं भेवाडू नका. पण लपवू बी नका."

वनिता त्याच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. प्राथमिक शाळेत शिकवायची. भावाच्या आजारपणात वॉर्डातल्या सगळ्यांना ती माहीत झाली होती, कारण ती जिने धावत चढायची. तपासणीलाही तशीच आली, बोटांना खडू लागलेला. तिला कसलाही त्रास नव्हता. भूक उत्तम, झोप उत्तम. बालाघाटच्या एका मुलाशी तिचं लग्न ठरलेलं होतं. विलास त्याचं नाव, जंगल खात्यात कारकून. भावाच्या जाण्यामुळे लग्न पुढे ढकललं होतं इतकंच.

दुर्बीण आत सरकवली आणि मला साबुदाणा दिसला.

तिनं कपडे नीट केले, खुर्चीत बसली आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आहे ना?"

मी हो म्हटलं. एक-दोन दाण्यांचे तुकडे तपासायला पाठवले, त्यात कॅन्सर नव्हता. पण ते आतडं असंच ठेवलं तर चाळिशीच्या आतच ती भावाच्या जागी असणार होती, हे मला पुस्तकातूनही ठाऊक होतं आणि त्या घरातूनही. दाणे एकेक करून काढणं अशक्य, इतके ते होते. उपाय एकच, सगळं मोठं आतडं काढून टाकायचं. वाचणाऱ्याला हे भयंकर वाटेल, पण मोठ्या आतड्याचं काम मुख्यतः पाणी शोषण्याचं. ते नसलं तरी माणूस जगतो, जेवतो, नोकरी करतो, बाईला मुलं होतात. दिवसातून चार-पाच वेळा शौचाला जावं लागतं. गुदाशयाचा शेवटचा तुकडा ठेवून त्याला लहान आतडं जोडायचं, आणि त्या उरलेल्या तुकड्यावर जन्मभर दुर्बिणीनं नजर ठेवायची. नाहीतर तोही तुकडा काढायचा आणि पोटावर कायमची पिशवी लावायची. वनिताच्या त्या शेवटच्या तुकड्यात दाणे कमी होते, म्हणून मी पहिला मार्ग सुचवला.

तिनं मास्तरीणबाईंसारखे प्रश्न विचारले. आताच करायचं की थांबता येईल? थांबता येईल, पण किती, हे कुणी सांगू शकत नाही. लग्नानंतर केलं तर? चालेल, पण गरोदर राहिलीस तर आणखी लांबेल. मग तिनं विचारलं, "अन् ऑपरेशनमध्ये काय काय बिघडू शकते?"

सर्जन या प्रश्नाला सहसा हात हलवून उत्तर देतात. मी दिलं नाही. म्हटलं, भूल चढताना काही होऊ शकतं, रक्तस्राव होऊ शकतो. सगळ्यात वाईट म्हणजे जोड सुटणं. दोन आतडी शिवतो ती जागा पहिल्या आठवड्यात गळू लागली तर पोटात विष पसरतं. कमी जणांत होतं, पण होतं. त्यात माणूस जाऊ शकतो.

"म्हणजे मी आता एकदम चांगली आहे, अन् ऑपरेशन केलं तर पुढच्या आठवड्यात मरू शकते."

"हो."

"अन् नाही केलं तर आणखी दहा-पंधरा वर्षं काहीच नाही होणार."

"कदाचित."

ती उठली, नमस्कार केला आणि गेली. या वेळी जिना हळू उतरली.

त्यानंतर तिची आई आली. सुमनबाई. नवरा गेल्यावर शिवणकाम करून दोन मुलं वाढवलेली बाई. त्या बसल्याच नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, "मॅडम, प्रकाशच्या पोटाले चाकू लागला अन् तो गेला. कॅन्सर चिरला की पसरते, हे सगळ्या मोहल्ल्याले माहीत आहे. माझ्याजवळ आता ही एकच आहे. धडधाकट पोरीले कापून तुम्हाले काय भेटून राहिलं?"

मी समजावायचा प्रयत्न केला. चाकूमुळे पसरलं नाही, पसरलेलं होतं ते चाकूला दिसलं. बाईंच्या डोळ्यांत काही हललं नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या जागी बसून पाहिलं तर हिशेब त्यांचाच बरोबर दिसत होता. त्यांनी माझ्या ऑपरेशनच्या टेबलाकडे चालत गेलेला मुलगा पाहिला होता, आणि परत आलेला पाहिला होता.

वनिता पुन्हा कधी येणार हे मला माहीत नव्हतं. मी निरोप पाठवला नाही. दुखणाऱ्या माणसाच्या मागे लागता येतं, न दुखणाऱ्याच्या मागे लागायचा अधिकार आपल्याला नसतो, असं मला तेव्हा वाटायचं. पण ओपीडीत दार वाजलं की मान वर जायची.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या आणि ती आली. तिनं सांगितलं ते असं. विलास आणि त्याची आई बस्त्यासाठी जबलपूरला आले होते. कमानिया गेटजवळच्या दुकानात साड्या पसरलेल्या असताना तिनं विलासला बाहेर बोलावलं, समोर लस्सी प्यायला म्हणून नेलं आणि सगळं सांगितलं. भावाचं, स्वतःचं, आतड्याचं, मुलांना यायच्या शक्यतेचं. तो ऐकत राहिला. लस्सी तशीच राहिली. मग ते दुकानात परत गेले, त्याच्या आईनं निवडलेली साडी बांधून घेतली, आणि तो बालाघाटला निघून गेला. त्यानंतर काही कळलं नव्हतं.

मी विचारलं, मग आता?

"आता काही नाही. मी त्याच्यासाठी करून नाही राहिली. सुट्ट्या आहेत, शाळा बुडणार नाही. करून टाका."

ऑपरेशनच्या दिवशी ती एका मैत्रिणीबरोबर आली. सही तिनं स्वतःची केली. सुमनबाई येणार नाहीत असं तिनं सांगितलं होतं. पण ट्रॉली आत जाताना मी पाहिलं, कॉरिडॉरच्या टोकाला त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, तोंड खिडकीकडे.

मी हजारो पोटं उघडली असतील. बहुतेकांत आत गेल्याबरोबर शत्रू दिसतो. सूज, पू, गाठ, काहीतरी. हात मग आपोआप चालू लागतात. वनिताचं पोट उघडलं आणि आत सगळं स्वच्छ होतं. बाहेरून पाहिलं तर मोठं आतडं चित्रातल्यासारखं, चकचकीत, नीट जागच्या जागी. माझ्या समोर उभा असलेला सहायक डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, बाहर से तो एकदम नॉर्मल है." मी दोरा मागितला. पण पहिली रक्तवाहिनी बांधायला घेतली तेव्हा दोन क्षण हात थांबला. वाहिनी एकदा कापली की आतडं परत लावता येत नाही. मी दुर्बिणीतून पाहिलेलं मनात पुन्हा पाहिलं आणि गाठ मारली.

आतडं काढून झाल्यावर शेजारच्या टेबलावर सहायकानं ते उभं चिरून उलगडलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाणे.

आमच्याकडे काढलेला भाग नातेवाइकांना दाखवायची पद्धत आहे. पोट शिवून झाल्यावर मी तो ट्रे घेऊन दारात गेले आणि सुमनबाईंना हाक मारली. त्या आल्या. तोंडावर पदर धरून ट्रेवर वाकल्या.

"हे सगळे प्रकाशले होते तेच?"

"तेच."

"हिच्या बापाले बी?"

"बहुतेक."

त्या वळल्या आणि पुन्हा खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

पहिले काही दिवस छान गेले. वनिता उठून बसली, पाणी प्यायला लागली, शेजारच्या खाटेवरच्या मुलीची पाढ्यांची उजळणी घेऊ लागली. पाचव्या दिवशी राउंडला गेले तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. नाडी जलद. ताप फार नव्हता, पण पोटाला हात लावला तर फळीसारखं कडक. जोड सुटली होती. जे मी तिला कमी जणांत होतं म्हणून सांगितलं होतं, ते तिला झालं होतं.

त्या दुपारी मी दुसऱ्यांदा तिचं पोट उघडलं. या वेळी आत शत्रू होता आणि तो आम्हीच आणलेला होता. आजाराची वाट बघत ती घरी बसली असती तर त्या दुपारी ती सुट्टीतले आंबे खात असती, हा विचार मनातून हाकलता येत नव्हता. पोट धुऊन काढलं. शिवलेली जागा सोडवली आणि लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढून पिशवी लावली. तात्पुरती, पण पिशवीच. रक्तदाब खाली जात होता, भूलतज्ज्ञ माझ्याकडे बघायचा आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

बाहेर आले तेव्हा सुमनबाई दाराला लागून उभ्या होत्या. मी जे असेल ते ऐकून घ्यायच्या तयारीनं गेले होते. सगळं सांगितलं, पुढचे दोन-तीन दिवस धोक्याचे आहेत हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी ते डोळ्यानं पाहिलं आहे मॅडम, म्हणून गप्प आहे."

त्या दिवसांत मी घरी जेवत होते की नाही, मला आठवत नाही. आठवतो तो लघवीच्या नळीत उतरणारा, मूत्रपिंडं चालू असल्याचं सांगणारा एकेक थेंब. मग एका सकाळी वनितानं डोळे उघडून विचारलं, शाळा सुरू झाली का. मी नर्सच्या खोलीत जाऊन बसले आणि पाच मिनिटं कुणाला आत येऊ दिलं नाही.

काढलेल्या आतड्याची तपासणी आली. कॅन्सर कुठंही नव्हता. मी आनंदानं सांगायला गेले. ती पोटावरच्या पिशवीवर हात ठेवून पडली होती. म्हणाली, "मॅडम, मग मी कोणत्या आजाराची पेशंट आहे?"

बाकी रोग्यांना बरं झाल्यावर कळतं की आपण वाचलो. तिला ते कधीच कळणार नव्हतं. तिला फक्त पुढच्या वर्षांत काहीही न होणं बघायचं होतं.

पिशव्या त्या काळी जबलपुरात सहज मिळत नसत. आम्ही नागपूरहून मागवायचो आणि मध्येच संपल्या की काहीतरी जुळवाजुळव करायचो. एके दिवशी वॉर्डातली नर्स म्हणाली, "मॅडम, वो बालाघाट वाले भैया डिब्बा दे गए हैं." खोक्यात पिशव्या होत्या. नातेवाइकांकडून विलासला कळलं होतं, तो नागपूरला जाऊन घेऊन आला होता आणि वनिताला न भेटताच परत गेला होता. असं आणखी एकदा झालं. तिसऱ्यांदा तो माझ्या खोलीत आला. किडकिडीत, चष्म्याचा मुलगा. म्हणाला, त्याला काही विचारायचंय. मी म्हटलं, वनितानं परवानगी दिली तरच बोलेन. तिला विचारून आले. ती म्हणाली, त्याला जे पाहिजे ते सांगा, खोटं नका सांगू.

त्यानं दोनच गोष्टी विचारल्या. "लेकरं होतील ना?"

"होतील. नक्की नाही सांगत, पण व्हायला अडचण नसावी."

"अन् लेकराले हे येईल?"

"निम्मी शक्यता. नाणं फेकल्यासारखं."

त्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला. "आमच्या घरी बाबाले शुगर, आजोबाले शुगर, काकाचा पाय कापला. लग्नं जमवताना त्याचं कोणीच नाही विचारत, मॅडम. हिनं तर स्वतःहून सांगितलं." मग चष्मा परत लावून, "मले भेव लागून राहिलं. ते बी खरं आहे. म्हणून येऊन परत जात होतो."

त्या दिवशी तो वॉर्डात गेला. काय बोलले मला माहीत नाही, मी विचारलं नाही. पिशवी असतानाच वनिता शाळेत जाऊ लागली. साडीच्या निऱ्या तिनं जरा वर खोचायला सुरुवात केली होती, एवढंच काय ते दिसायचं. काही महिन्यांनी मी आतडं पुन्हा जोडलं. या वेळी जोड टिकली. लग्न साधं झालं, बुद्धवंदना आणि जेवण. सुमनबाईंनी मला पंगतीत बसवून स्वतः वाढलं.

विलासनं पुढे जबलपूरला बदली करून घेतली. वनिता दर सहा महिन्यांनी दुर्बिणीसाठी येत राहिली, उरलेल्या तुकड्यात दाणा दिसला की मी तो काढून टाकायची. त्यांना एक मुलगी झाली, सुजाता. ती लहानपणापासून आईबरोबर यायची. वनितानं तिच्यापासून काही लपवलं नव्हतं. ती चौदा वर्षांची झाली तेव्हा तिचं पाहायचं ठरलं. रक्तावरून कळायची सोय तोवर निघाली होती, पण वनिता म्हणाली, तुम्ही डोळ्यानं बघून सांगा. निवृत्तीच्या आधीचं माझं ते शेवटचं वर्ष.

दाणे होते. थोडेच, पण होते.

वनितानं माझा चेहरा पाहिला आणि ती खुर्चीवर बसली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं. "मीच दिलं," असं काहीतरी ती म्हणत होती. मी आत गेले तर सुजाता गुंगीतून जागी झाली होती. मराठी तिला सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत.

"है ना, आंटी?"

"हो बेटा."

"मम्मी वाला ऑपरेशन?"

"हो. पण घाई नाही."

तिनं विचार केला. "तो बारहवीं के बोर्ड के बाद कर लेंगे. अभी कुछ खा सकती हूँ क्या?"

तिच्या आजीनं आणि आईनं ज्या गोष्टीशी जीव खाऊन झुंज दिली, ती या मुलीच्या लेखी परीक्षेनंतरची एक गोष्ट होती. मी बाहेर जाऊन वनिताला तेवढंच सांगितलं, की ती जेवायला मागतेय.

बारावीची परीक्षा झाली तेव्हा मी निवृत्त होते. ऑपरेशन माझ्याच एका विद्यार्थ्यानं केलं, आता ते छोट्या छिद्रांतून होतं. सगळं नीट झालं, आज सुजाता भोपाळला शिकते, हे आधीच सांगून टाकते. पण त्या दिवशी ते कुणाला माहीत होतं? वनितानं मला फोन केला होता, मॅडम, तुम्ही सोबत बसाल का? मी म्हटलं, आत उभी राहू देतील मला. ती म्हणाली, आत नाही, माझ्याजवळ.

ऑपरेशन थिएटरच्या त्या दाराबाहेर मी जन्मात कधी बसले नव्हते. आत असलं की तास कसे जातात कळत नाही, हातांना काम असतं. बाहेर काहीच नसतं. आत कुठली वाहिनी बांधत असतील, कुठं जोडत असतील, हे मी मनात मोजत होते आणि त्यानं भीती कमी होत नव्हती, वाढतच होती. विलास येरझारा घालत होता. वनिता शांत बसली होती.

शेवटी दार उघडलं आणि माझा विद्यार्थी मास्क खाली ओढत बाहेर आला. मी त्याच्या डोळ्यांत काय दिसतं ते बघायला लागले, आणि खुर्चीचा हात धरून उठू लागले.

वनितानं माझ्या हातावर हात ठेवला. "तुम्ही बसा मॅडम," ती म्हणाली. "मी विचारून येते."